बुटाच्या जिभेवरचा एक देश आणि त्यामागची लांब साखळी

पायवाट

धावण्याच्या बुटाची जीभ उलटून पाहिली, तर आतल्या बाजूला एक लहानशी पट्टी असते आणि तिच्यावर व्हिएतनाम, इंडोनेशिया किंवा चीन असे एकाच देशाचे नाव असते. ते नाव खोटे नसते. मात्र त्याचा अर्थ इतकाच, की बुटाचा वरचा भाग आणि तळवा यांची शेवटची जोडणी त्या देशात झाली. त्याआधी तो माल किती हातांतून आणि किती बंदरांतून फिरून आला, हे त्या पट्टीवर मावण्याजोगे नसते. गेले काही महिने मी या साखळीबद्दल सवड मिळेल तसे वाचत आहे, म्हणून हा धागा. या धंद्यात प्रत्यक्ष काम केलेल्या सभासदांनी भर घालावी आणि माझे चुकले तेथे दुरुस्त करावे, ही विनंती.

सुरुवात बुटापासूनच करतो. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धावण्याच्या बुटांच्या एका जोडात ६५ वेगवेगळे भाग आणि ते तयार करून जोडण्याच्या ३६० हून अधिक प्रक्रिया मोजल्या होत्या. वरचा भाग, ज्याला कारखान्यात ‘अपर’ म्हणतात, तो बहुधा पॉलिएस्टरच्या जाळीचा किंवा विणलेल्या कापडाचा असतो, म्हणजे त्याचे मूळ खनिज तेलात आहे. पायाखालचा मऊ थर, म्हणजे मिडसोल, बहुतेक बुटांत ईव्हीए नावाच्या फोमचा असतो आणि तेही पेट्रोरसायनच. शर्यतीच्या महागड्या बुटांत अलीकडे पेबॅक्ससारखे अधिक हलके रसायन वापरतात आणि त्याचा एक प्रकार एरंडेलापासून बनतो. जगातील बहुतांश एरंडी भारतात, त्यातही गुजरातमध्ये पिकते, हे वाचून मला खरोखर नवल वाटले. जमिनीला टेकणाऱ्या आउटसोलमध्ये रबराच्या झाडाचा चीक आणि कृत्रिम रबर यांचे मिश्रण असते. ते गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली सापडली आणि आजही बुटाचा तळवा तिच्यावरच उभा आहे.

एक उदाहरण मुद्दाम देतो. नायकेच्या काही बुटांच्या टाचेत जी हवेची पिशवी दिसते, तिच्या उत्पादनाचा मोठा भाग अमेरिकेत ओरेगन आणि मिसूरी या राज्यांत होतो. तेथून ती आशियातील कारखान्यात जाते, बुटात बसते आणि तयार बुटासोबत महासागर ओलांडून पुन्हा अमेरिकेतील दुकानात येते.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ज्या कंपनीचे चिन्ह बुटावर असते, तिच्या मालकीचा कारखाना बहुधा नसतोच. फिल नाइट आणि बिल बॉवरमन यांनी १९६४ साली ब्लू रिबन स्पोर्ट्स सुरू केली, ती जपानच्या ओनित्सुका कंपनीचे टायगर बूट अमेरिकेत विकण्यासाठी. १९७१ साली नायके हे नाव आले तेव्हाही बूट मुख्यतः जपानमध्येच बनत होते. पुढे या कंपनीने अमेरिकेत एक्झेटर आणि साको येथे स्वतःचे कारखाने चालवून पाहिले, पण १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते बंद झाले. जपानमधील मजुरी वाढल्यावर काम दक्षिण कोरियातील बुसान आणि तैवान येथे गेले. कोरियात १९८७ च्या लोकशाही आंदोलनानंतर कामगारांचे पगार वाढले, तैवानचे चलन महागले, तेव्हा ते चीनच्या ग्वांगडोंग आणि फुजियान प्रांतांत व इंडोनेशियात सरकले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून व्हिएतनाममध्ये. २०२३ आणि २०२४ या आर्थिक वर्षांत नायकेच्या बुटांपैकी सुमारे ५० टक्के व्हिएतनाममध्ये, २७ टक्के इंडोनेशियात आणि १८ टक्के चीनमध्ये बनले.

या सगळ्या स्थलांतरात देश बदलले, पण कारखानदार फारसा बदलला नाही. तैवानमधील पौ चेन ही कंपनी १९६९ सालची. तिची उपकंपनी यू युएन १९९२ साली हाँगकाँगच्या शेअर बाजारात आली आणि आज ती ब्रँडेड स्पोर्ट्स शूज बनवणारी जगातील सर्वांत मोठी उत्पादक मानली जाते. नायके, आदिदास, असिक्स, न्यू बॅलन्स हे दुकानातले प्रतिस्पर्धी तिच्या ग्राहकांच्या यादीत शेजारी शेजारी बसतात. असेच बूट बनवणाऱ्या इतर कंपन्यांपैकी फेंग ताय ही तैवानची, तर चांगशिन आणि तायक्वांग या कोरियाच्या. व्हिएतनाममधील कारखान्यात कामगार व्हिएतनामी असतात, पण फर्मे (ज्यांच्यावर बूट चढवून घडवतात ते पायाच्या आकाराचे ठोकळे), साचे, यंत्रांची मांडणी आणि वरचे व्यवस्थापन यांचे ज्ञान बुसान आणि तैवानमधील तायचुंगहून आलेले असते. ‘बूट कुठे बनतो’ यापेक्षा ‘बूट कोण बनवतो’ हा प्रश्न मला म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो.

सावकाश_धावक

धाग्याबद्दल मनापासून आभार. एक प्रश्न मला नेहमी पडतो. मोटारींच्या कारखान्यात यंत्रमानव येऊन कित्येक दशके झाली, मग बुटासाठी अजूनही हजारो माणसे रांगेत का बसावी लागतात? एवढ्या मोठ्या कंपन्यांना यंत्रे परवडत नाहीत, असे तर म्हणता येणार नाही.

फर्मा

सावकाश_धावक, मी एका कंत्राटी उत्पादकाच्या सोल विकास विभागात आठ वर्षे काम केले आहे. कंपनीचे नाव सांगत नाही, पण काम सांगतो.

आधी साचा पाहा. ईव्हीएचे दाणे साच्यात भरून तापवले की आतल्या आत वायू तयार होतो. साचा उघडताक्षणी तळवा टुणकन बाहेर उडतो आणि डोळ्यांदेखत साच्यापेक्षा बराच मोठा होतो. म्हणून साच्याची पोकळी नेमकी किती लहान ठेवायची, हे त्या मिश्रणाच्या फुगण्यावर ठरते. मिश्रण थोडे बदलले, कारखान्यातील हवा दमट झाली किंवा तापमान दोन अंशांनी इकडेतिकडे झाले, तरी तयार तळव्याचे माप बदलते. आमच्याकडे एकदा फोमच्या पुरवठादाराने दाण्यांची तुकडी बदलली आणि डाव्या पायाचे तळवे उजव्यांपेक्षा दोन मिलिमीटर लांब निघू लागले. कारण सापडेपर्यंत तीन दिवस गेले आणि तोवरचे सगळे तळवे बाद करावे लागले. शिवाय प्रत्येक मापासाठी आणि प्रत्येक पायासाठी वेगळी पोकळी लागते. एका मॉडेलच्या बारा-पंधरा मापांचा साच्यांचा संच बनवायला आठवडे लागतात, आणि ते मॉडेल एक-दोन हंगामांत बाजारातून उठते. ज्या वस्तूचा आकार दर वर्षी बदलतो, तिच्यासाठी यंत्रमानव बसवण्याचा खर्च वसूल होणे कठीण असते.

तरीही तळवा हा यंत्राच्या आटोक्यातला भाग आहे. खरी माणसे लागतात अपरसाठी. पत्र्याचा तुकडा यंत्राने उचलला तर त्याचा आकार तोच राहतो. जाळीचे कापड उचलले तर ते लोंबते, ताणले जाते, कडेला गुंडाळते. टाचेभोवतीची वक्र शिवण घालताना बाई डाव्या हाताच्या बोटांनी कापड किंचित पुढे ढकलते आणि उजव्या हाताने मागे रोखते, आणि हे किती करायचे ते तिला बोटांना कळते. मी तिला विचारले तर तिला शब्दांत सांगता आले नाही, मलाही ते लिहिता येत नाही.

शिवून झालेल्या अपरच्या खाली एक पातळ कापडी तळ स्ट्रोबेल यंत्रावर शिवतात, मग अपर वाफेने मऊ करून फर्म्यावर चढवतात. त्यानंतर तळवा कुठपर्यंत येणार याची रेघ चांदीच्या शाईच्या पेनाने आखतात. त्या रेघेच्या आत, अगदी रेघेपर्यंत, आधी प्रायमर आणि मग गोंद लावायचा असतो. गोंद रेघेबाहेर गेला तर डाग दिसतो आणि जोड दुय्यम ठरतो. रेघेच्या आत कमी पडला तर दोन महिन्यांनी तळव्याची कड सुटते. मग भट्टी, दाबयंत्र, थंड करणारा बोगदा, फर्मा काढणे, सुखतळा घालणे, लेस ओवणे, आणि चुकून सुईचा तुकडा राहिला नाही ना हे पाहण्यासाठी धातुशोधक यंत्र. यातील बहुतेक टप्पे हातानेच होतात.

यंत्रांचा प्रयत्न झाला नाही असे नाही. विणलेले अपर २०१२ साली आले, तेव्हा तुकडे कापून शिवण्याचे बरेच काम एकाच विणकाम यंत्रात गेले आणि कापडाची नासाडीही घटली. आदिदासने जर्मनीत आन्सबाख येथे आणि अमेरिकेत अटलांटाजवळ ‘स्पीडफॅक्टरी’ नावाचे स्वयंचलित कारखाने काढले. मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने ते बंद करण्याचे जाहीर केले आणि तेथील तंत्र आशियातील पुरवठादारांकडे नेण्याचे ठरवले. ते काही ठरावीक रचनेचेच बूट बनवू शकत होते, आणि फोम, कापड, लेस, गोंद यांचे पुरवठादार तर सगळे आशियातच होते. माझ्या मते हा दुसरा मुद्दा लोक विसरतात. बुटाचा कारखाना हलवायचा तर त्याच्या भोवतीचे शंभर छोटे कारखाने हलवावे लागतात.

जमाखर्च

फर्मा यांनी प्रक्रिया सुरेख उलगडून दाखवली आहे. मी पैशाची बाजू थोडी मांडतो.

कारखान्यातून जहाजावर चढताना बुटाची जी किंमत असते तिला एफओबी म्हणतात आणि ती ढोबळमानाने दुकानातील किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असते. त्यातला सर्वांत मोठा वाटा कच्च्या मालाचा, त्याखालोखाल मजुरी, कारखान्याचा वरखर्च आणि शेवटी कारखानदाराचा नफा. उरलेल्या तीन हिश्शांत वाहतूक, जकात, जाहिरात, संशोधन, ब्रँडचा नफा आणि दुकानदाराचा वाटा येतो. हे ऐकून अनेकांना वाटते की सगळा पैसा ब्रँड खातो. तसे नाही. दुकानदाराचा वाटा फार मोठा असतो, कारण न विकलेल्या मालाचा धोका त्याच्यावर असतो.

पण कारखान्याच्या बाजूने पाहिले की गाठ कुठे बसते ते कळते. कोणता फोम, कोणते कापड आणि कोणता गोंद कोणाकडून घ्यायचा, हे पुष्कळदा ब्रँडच ठरवून देतो आणि त्याचा दरही ब्रँडनेच ठरवलेला असतो. खर्चाचा तक्ता ओळीओळीने उघडा ठेवावा लागतो. म्हणजे मालाच्या किमतीत कारखानदाराला हात घालता येत नाही. त्याच्या हातात उरतात ते मजुरीचे मिनिट आणि वाया जाणारा माल. दर हंगामात किंमत थोडी कमी करा असा तगादा आला की तो दाब कुठे जाऊन पोहोचतो, हे वेगळे सांगायला नको. वर माल पाठवल्यानंतर पैसे यायला आठवडे लागतात, तोवरचे भांडवल कारखान्याचेच.

शिवणरेघ

जमाखर्च यांनी ‘वेगळे सांगायला नको’ म्हटले असले, तरी ते सांगायलाच हवे असे मला वाटते.

१९९२ साली जेफ बॅलिंजर यांनी अमेरिकी मासिकात इंडोनेशियातील एका बूट कामगार स्त्रीची पगाराची पावती छापली आणि तिची मजुरी ताशी सुमारे १४ सेंट येते हे दाखवून दिले. अहवालांच्या ढिगाने जे झाले नव्हते ते त्या एका कागदाने केले, कारण त्यावरचे आकडे कोणालाही बेरीज-वजाबाकी करून तपासता येत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये व्हिएतनाममधील एका कोरियन मालकीच्या कारखान्याचा नायकेने करवून घेतलेला अंतर्गत तपासणी अहवाल बाहेर फुटला. कारखान्याच्या काही भागांत हवेतील घातक रसायनांचे प्रमाण स्थानिक मर्यादेच्या १७७ पट आणि ७७ टक्के कामगारांना श्वसनाचा त्रास, असे त्यात नोंदवले होते. फर्मा यांनी वर्णन केलेला तो प्रायमर आणि तो गोंद, त्यातील टोल्यूइनसारखी द्रावके, दिवसाचे दहा-अकरा तास नाकाशी! मे १९९८ मध्ये फिल नाइट यांनी वॉशिंग्टनमध्ये जाहीर भाषण करून बूट कारखान्यांतील कामगारांचे किमान वय १८ करण्याचे आणि हवेच्या शुद्धतेसाठी अमेरिकेचे निकष लावण्याचे मान्य केले. पाण्यावर आधारित गोंद वापरण्याचे प्रमाण वाढले ते या दबावानंतर. २००५ साली नायकेने आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी पत्त्यांसह प्रसिद्ध केली आणि नंतर इतर ब्रँडनाही ते करावे लागले.

यात कामगार हा केवळ दया करण्याजोगा घटक आहे असे समजू नये. एप्रिल २०१४ मध्ये चीनच्या डोंगग्वान शहरातील यू युएनच्या कारखान्यांत हजारो कामगारांनी संप केला. मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती. कंपनी सामाजिक विम्याचा हप्ता कायद्यापेक्षा कमी भरत आहे, हे निवृत्तीच्या जवळ आलेल्या कामगारांच्या लक्षात आले होते. कित्येक वर्षे त्याच कारखान्यात काढलेल्या माणसांनी आपले म्हातारपण मोजून पाहिले आणि हिशेब जुळत नाही असे सांगितले. कंपनीला थकलेले हप्ते भरण्याचे मान्य करावे लागले.

आडमार्ग

शिवणरेघ, आपल्या तळमळीचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. याच कारखान्यांनी कोरिया आणि तैवानला भांडवल, यंत्रकौशल्य आणि निर्यातीची शिस्त दिली. ज्या बुसानमध्ये एके काळी बूट शिवले जात, तेथील मुले पुढे जहाजबांधणीत आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेली. शेतीतून बाहेर पडणाऱ्या तरुण स्त्रीसाठी हा पहिला नियमित पगार असतो. मजुरी वाढली की काम दुसरीकडे जाते ही तक्रार मला समजते, पण मजुरी वाढली हेही त्यातच आले ना?

शिवणरेघ

आपला मुद्दा खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण कोरियात मजुरी आपोआप वाढली नाही. १९८७ साली लाखो कामगार रस्त्यावर आले तेव्हा वाढली. आणि वाढल्यानंतर बुसानमधील ज्या चाळिशीच्या बायका बेरोजगार झाल्या, त्या जहाजबांधणीत गेल्या नाहीत. इंडोनेशियात आज तेच एका देशाच्या आत घडत आहे. तेथे किमान वेतन जिल्हानिहाय ठरते, म्हणून जकार्ताजवळच्या तांगेरांगमधून कारखाने मध्य जावातील स्वस्त जिल्ह्यांकडे सरकले आहेत. देश विकसित होतो तेव्हा कोणती पिढी त्याची किंमत मोजते, एवढेच मला विचारायचे आहे.

जकातनाका

चर्चेत जकातीचा उल्लेख हवा. अमेरिकेत बुटांवरची जकात १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यापासून चढीच राहिली आहे आणि ती देशावर जितकी अवलंबून असते तितकीच बुटाच्या रचनेवरही. अपर चामड्याचे की कापडाचे, तळवा रबराचा की कापडाचा, यावर दर बदलतो. कॉन्व्हर्सच्या काही बुटांच्या रबरी तळव्यावर लोकरीसारख्या तंतूंचा पातळ थर असे. चार पावले चालले की तो झिजून जाई. त्याचे प्रयोजन चालणाऱ्यासाठी काहीच नव्हते. त्या थरामुळे जमिनीला टेकणारा भाग बहुतांशी कापडाचा ठरे आणि बूट घरगुती सपातांच्या वर्गात जाऊन जकात ३७.५ टक्क्यांऐवजी ३ टक्के लागे. म्हणजे बुटाचा तळ कसा असावा हे पायाने नव्हे, जकातीच्या पुस्तकाने ठरवले.

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने नवे आयातशुल्क जाहीर केले तेव्हा व्हिएतनामवर ४६ टक्के, इंडोनेशियावर ३२ टक्के आणि कंबोडियावर ४९ टक्के असे आकडे होते. पुढे वाटाघाटींनंतर व्हिएतनामचा दर २० आणि इंडोनेशियाचा १९ टक्के झाला. चीनवरचे अवलंबित्व कमी करण्यासाठी ज्या देशांत कारखाने नेले, नेमक्या त्याच देशांवर बोजा आला. फर्मा यांनी सांगितलेले ते भोवतालचे शंभर कारखाने एका हंगामात हलत नाहीत, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

सावकाश_धावक

२०२१ च्या अखेरीस माझ्या मापाचे बूट मला महिनोन्महिने मिळत नव्हते आणि त्यानंतर वर्षभरातच तेच बूट निम्म्या किमतीला सगळीकडे दिसू लागले. याचा संबंध या साखळीशी आहे का?

जमाखर्च

पूर्ण संबंध आहे. जुलै २०२१ मध्ये दक्षिण व्हिएतनाममध्ये करोनाची लाट आली, तेव्हा कामगारांचे राहणे, जेवणे आणि काम हे सगळे कारखान्याच्या आवारातच होत असेल तरच कारखाना चालवता येईल, असा नियम झाला. हो ची मिन्ह शहरातील, पौ चेनच्याच पौ युएनसारख्या पन्नास हजारांवर कामगार असलेल्या कारखान्याला ते अशक्य होते. नायकेचे तेथील सुमारे दहा आठवड्यांचे उत्पादन बुडाले. त्याच सुमारास बंदरे तुंबली होती. आशियातून उत्तर अमेरिकेत माल पोहोचायला पूर्वी ४० दिवस लागत, ते ८० पर्यंत गेले.

टंचाई पाहून दुकानदारांनी जास्तीची मागणी नोंदवली, ब्रँडनी कारखान्यांकडे त्याहून जास्त नोंदवली. २०२२ मध्ये कारखाने पूर्ववत झाले, जहाजेही वेगाने येऊ लागली आणि उशिरा निघालेला माल व वेळेवर निघालेला माल एकदमच गोदामात येऊन पडला. ऑगस्ट २०२२ अखेर नायकेचा साठा आदल्या वर्षापेक्षा ४४ टक्क्यांनी वाढला होता, उत्तर अमेरिकेत तर ६५ टक्क्यांनी. आपण पाहिलेली निम्मी किंमत ती हीच. मग मागणी एकदम छाटली गेली आणि २०२३ मध्ये त्याच पौ युएनमधून हजारो कामगारांना कमी करण्यात आले. दुकानातल्या माणसाने खरेदी थोडी पुढे-मागे केली तरी साखळीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा असा हिसका बसतो.

पायवाट

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. सर्वांचा ऋणी आहे. फर्मा यांनी वर्णन केलेली ती डाव्या-उजव्या हाताची शिवण आणि शिवणरेघ यांनी दाखवलेली ती पगाराची पावती, या दोन गोष्टी माझ्या मनातून जाणार नाहीत.

एमआयटीच्या त्याच अभ्यासातील एक निष्कर्ष सुरुवातीला लिहायचा राहिला. एका जोडामागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातला दोन-तृतीयांश उत्पादनाच्या टप्प्यावर, कच्च्या मालात नव्हे. इतके लहान लहान भाग, प्रत्येकासाठी वेगळे तापवणे आणि ओतणे, आणि त्या वेळी चीनमधील कारखान्यांची कोळशावर चालणारी वीज, ही त्याची कारणे. म्हणजे पुनर्वापरातील धाग्याचे अपर घातले म्हणून आकडा फारसा हलणार नाही. भाग कमी झाले आणि वीज बदलली तर हलेल.

आणखी एक गोष्ट मला सतावते. कारखान्यांच्या ज्या याद्या २००५ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या, त्या बहुधा शेवटच्या जोडणीच्या कारखान्यापाशी आणि फार तर कापड-फोमच्या मोठ्या पुरवठादारांपाशी थांबतात. रबराचेच घ्या. थायलंड आणि इंडोनेशियात रबराचा चीक मुख्यतः लहान शेतकरी काढतात. पहाटेच्या गारव्यात चीक अधिक वाहतो म्हणून उजाडण्याआधी कपाळाला दिवा बांधून झाडाच्या सालीवर तिरकी चीर देतात आणि वाटीत थेंब थेंब जमू देतात. तो चीक गावातल्या व्यापाऱ्याकडे, तेथून मोठ्या व्यापाऱ्याकडे, मग प्रक्रिया कारखान्यात जातो आणि पहिल्याच टप्प्यावर शंभर शेतांचा चीक एकत्र होतो. युरोपीय संघाने २०२३ साली जंगलतोडीविरुद्ध जो नियम मंजूर केला, त्यात रबराचा समावेश आहे आणि ते ज्या जमिनीवर पिकले तिचे अक्षांश-रेखांश मागितले आहेत. त्या नियमाच्या परिशिष्टात टायर आहेत, रबरी हातमोजे आहेत. बूट नाहीत.